हकिगत कोणाच्या तोंडून?

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून चाकणकडे जाताना लागणाऱ्या कुरुळी गावात एका कुटुंबाची पिढीजात जमीन कारखान्यासाठी विकली गेली, अशी कल्पना करू. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार नोंदला जातो, सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव कंसात जाते, आणि सरकारपुरती ती हकिगत संपते. घरची म्हातारी तीच सांगू लागली, तर गट नंबर तिच्या तोंडी येणार नाही. बांधावरची बोर मात्र येईल. तिच्याच घरात खोली भाड्याने घेऊन त्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मराठवाड्यातील तरुणाच्या कथेत तर ते कधी शेत नव्हतेच.

घटना एक असूनही सांगणारा बदलताच कथा बदलते, यालाच निवेदकाचा दृष्टिकोन म्हणतात. पंचनामा आणि जबानी यांतील भेद आपल्या कचेऱ्यांनी फार पूर्वीच ओळखला आहे : पहिल्यात पंचांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच, दुसरीत ज्याच्यावर गुदरले त्याचा ‘मी’. सर्वज्ञ निवेदकाला मात्र प्रत्येकाच्या अंतःकरणाची वाट मोकळी असते.

हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमुनेची कहाणी तिच्याच तोंडून वदविली. पुरुष लेखकाने एका विधवेचा ‘मी’ उच्चारावा, हे त्या काळी केवढे धाडस! सर्वज्ञ निवेदकाने तिची कीव केली असती. यमुना स्वतः बोलते, म्हणून वाचकाला तिच्या शेजारी बसून ऐकावे लागते.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहाजण बोलतात. कर्णाला स्वतःचा मृत्यू सांगता येणे शक्य नव्हते. म्हणून अखेरचे निवेदन श्रीकृष्णाकडे येते. प्रथमपुरुषाची ही मर्यादाच तेथे रचनेचे सामर्थ्य ठरली आहे, असे मला वाटते.

आता कुरुळीच्या त्या म्हातारीकडे वळू. तिलाच निवेदक केले, तर खरेदीखतावर सही करताना मुलाच्या मनात काय होते, हे लेखकाला लिहिता येणार नाही. ती एवढेच सांगेल, की तो कचेरीतून परतला, पाय धुऊन पाटावर बसला आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून बराच वेळ हातातच धरून राहिला.