वाढत्या अंगाची सायकल

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांचे कपडे नेहमी 'वाढत्या अंगाचे' घेतले जातात. शाळेची चड्डी गुडघ्याखाली उतरते, बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात आणि बुटाच्या टोकात कापूस कोंबावा लागतो. त्यामागचा हिशेब अगदीच खोटा नाही. मूल भराभर वाढते, पगार तसा वाढत नाही. सैल सदऱ्याने फार तर मूल गबाळे दिसते, बाकी बिघडत काही नाही. पण हाच हिशेब आपण सायकलीलाही लावतो आणि तिथे मात्र बिघडते. सैल सदरा मुलाला पाडत नाही. मोठी आणि जड सायकल पाडते.

गेल्या दिवाळीत माझ्या सहा वर्षांच्या नातीला तिच्या मामाने सायकल दिली. वीस इंची चाके, जाडजूड टायर, पुढे आणि मधे स्प्रिंगा, चाकाला डिस्क ब्रेक, नळीवर विजेसारखे पट्टे. दुकानदाराच्या भाषेत 'माउंटन बाईक'. मामाची हौस मोठी आणि भाचीचा आनंदही मोठा. दोन दिवस सायकल दिवाणखान्यात होती, आठवडाभर अंगणात आणि त्यानंतर जिन्याखाली. संध्याकाळी "चल, सायकल खेळू" म्हटले की पोरीच्या पोटात दुखू लागे. घरात हळूहळू निकालपत्र तयार झाले : हिला सायकलीची आवडच नाही. मग त्यात भर पडली : जरा भित्रीच आहे. एकदा मी तिला एकटीला गाठून विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आजोबा, ती माझं ऐकतच नाही."

सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून इतके अचूक निदान क्वचितच ऐकायला मिळते. पुढच्याच रविवारी रद्दीवाला आला होता. त्याच्या ताणकाट्याला रद्दीच्या गठ्ठ्याऐवजी मी ती सायकल अडकवली. काटा चौदा किलोवर थांबला. नातीचे स्वतःचे वजन एकोणीस किलो.

वजनाचे त्रैराशिक

शाळेत शिकलेले त्रैराशिक इथे मांडून पाहावे. एकोणीस किलोच्या मुलीला चौदा किलोची सायकल, तर पासष्ट किलोच्या माणसाला किती किलोची? उत्तर येते सुमारे अठ्ठेचाळीस किलो. आपल्या वडिलांच्या पिढीने वापरलेली, कॅरिअर-स्टँडसकटची भक्कम काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरे आणि तीही पुलावर चढवताना धाप लागे. तशा दोन सायकली एकत्र बांधून, वर सिमेंटच्या गोणीचा सहावा भाग टाकून तळजाईचा चढ चढायला कोणी सांगितले, तर आपण काय म्हणू? आपल्याही पोटात दुखू लागेल.

जड सायकलीचा त्रास केवळ चढावर नसतो. चालू करायला जोर लागतो, वळवायला जोर लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबवायला जोर लागतो. सायकल कलली की मोठा माणूस पाय टेकवून तिला सावरतो. मुलाच्या अंगात सावरण्याइतके बळ नसते, म्हणून सायकल आपल्याबरोबर त्यालाही खाली घेऊन जाते. दोनदा नडगी सोलली की तिसऱ्यांदा मूल कारणे शोधू लागते. मोठी माणसे त्या कारणांना भित्रेपणा म्हणतात आणि असली लेबले मुलांना पुढे बरीच वर्षे चिकटून राहतात. म्हणून मला हा केवळ खरेदीचा प्रश्न वाटत नाही.

यावर एक हमखास आक्षेप येतो. "आम्ही नाही का शिकलो? वडिलांच्या बावीस इंची सायकलीच्या दांडीमधून पाय घालून, हाफ पायडल मारत!" मीही तसाच शिकलो. पण एक तर आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो आणि रस्ते रिकामे होते. दुसरे म्हणजे, जे शिकले त्यांच्याच आठवणी आपण ऐकतो. जे शिकलेच नाहीत ते या विषयावर बोलायला येत नाहीत. माझी धाकटी बहीण शिकली नाही. तिच्या बरोबरीच्या कितीतरी मुली शिकल्या नाहीत. घरातली एकुलती एक सायकल उंच, दांडीची आणि जड होती. ती पेलत नाही म्हणून सोडली आणि पुढे कॉलेज, नोकरी सगळे बसच्या रांगेत गेले. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातली ही गोष्ट आहे.

डोंगरातून दुकानात

या 'माउंटन बाईक' प्रकरणाचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसवर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली सोडू लागले. तिथल्या एका उताराचे नावच 'रिपॅक' पडले. कारण उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर पुन्हा भरावे लागे. १९७६ साली त्या उतारावर रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी सायकल बांधली. १९८१ मध्ये 'स्पेशलाइज्ड' कंपनीने 'स्टम्पजंपर' मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. या प्रवासात त्या मंडळींनी एका गोष्टीचा ध्यास घेतला होता : मजबुती टिकवून वजन कमी करणे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'एमटीबी' ही अक्षरे आली आणि काळ्या सायकलीच्या जागी रंगीबेरंगी, सरळ हँडलच्या सायकली दिसू लागल्या. लहान मुलांच्या सायकलींपर्यंत ही लाट पोचली तेव्हा मात्र गंमत झाली. डोंगरी सायकलीचे रूप आले, गुण वाटेत राहिला. जाड नळ्या, खोट्या स्प्रिंगा, भारी डिस्क यांनी सायकल दणकट दिसते आणि दुकानात दणकट दिसणारी वस्तूच बापाच्या नजरेत भरते.

मुलांची सायकल म्हणजे मोठ्यांच्या सायकलीची आखूड आवृत्ती नव्हे, हे व्यवसाय म्हणून प्रथम गांभीर्याने मनावर घेणाऱ्यांत इंग्लंडच्या आयला राउंट्री यांचे नाव घ्यावे लागेल. त्या स्वतः सायक्लोक्रॉसच्या राष्ट्रीय विजेत्या. २००५ साली त्यांनी 'आयलाबाइक्स' सुरू केली. मुलांच्या बोटांना पोचतील असे ब्रेक, त्यांच्या पायांच्या लांबीचे क्रँक, हलकी ॲल्युमिनियमची नळी असा सगळा विचार मुलाच्या शरीरापासून सुरू झाला. पुढे २०१३ मध्ये व्हिएन्नात 'वूम' आणि इंग्लंडमध्ये 'फ्रॉग' या कंपन्या त्याच वाटेने निघाल्या. वीस इंची सायकल आठ किलोच्या आत बसू शकते हे या मंडळींनी दाखवून दिले. 'आयलाबाइक्स'ने २०२३ मध्ये सायकली बनवणे थांबवले, पण तिने घालून दिलेले माप आता सर्वत्र वापरले जाते. त्या सायकली आपल्या खिशाला परवडण्यातल्या नाहीत. त्यामागचा विचार मात्र फुकट आहे, तो आपण जरूर घ्यावा.

दुकानात जाण्यापूर्वी

पहिले काम घरीच करायचे. मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करावे, दोन पायांमध्ये एक पुठ्ठ्याचे पुस्तक वरपर्यंत सरकवावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ही मुलाच्या पायाची खरी लांबी. नवशिक्या मुलासाठी सीट सर्वांत खाली घेतली असता तिची उंची या मापाएवढी किंवा त्याहून थोडी कमी हवी, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. चालवता येऊ लागले की सीट हळूहळू वर घ्यावी. वय विचारून चाक ठरवणे ही दुकानदाराची सोय आहे. साधारणपणे शंभर ते एकशे पंधरा सेंटिमीटर उंचीला सोळा इंची चाक, तिथून एकशे पस्तीसपर्यंत वीस इंची आणि पुढे चोवीस इंची, असा ढोबळ हिशेब धरता येतो. दोन मापांच्या सीमेवरचे मूल असेल, तर पाय टेकतात की नाही हाच शेवटचा निकाल.

दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवावे. नळीला ते चिकटले तर पोलाद, निसटले तर बहुधा ॲल्युमिनियम. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट घन असते. ॲल्युमिनियमची नळी जाड करावी लागते, म्हणून सायकल तिपटीने हलकी होत नाही, पण फरक हाताला कळतो. चुंबक चाकाच्या रिमलाही लावावे. आपल्या पावसाळ्यात हा मुद्दा फार मोलाचा आहे. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची रबरे घसरतात आणि सायकल उशिरा थांबते. ॲल्युमिनियमच्या रिमवर पकड पुष्कळ चांगली राहते.

मग स्प्रिंगा. स्वस्त सायकलीतली स्प्रिंग मुलाच्या वीस किलो वजनाने धड दबतही नाही. ती खड्ड्याचा धक्का खात नाही, फक्त किलो-सव्वा किलोचे ओझे वाढवते. आपल्या खडबडीत रस्त्याला, टेकडीवरच्या पाऊलवाटेला खरा उपाय जाड टायर. टायरच्या कडेला हवेची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते. पंपवाला सवयीने दगडासारखी हवा भरतो. मुलाच्या वजनाला किमान आकड्याच्या जवळपासची हवा पुरते आणि तो मऊ टायरच स्प्रिंगचे काम करतो.

ब्रेकची परीक्षा मुलाच्याच हाताने घ्यावी. हँडल धरून बसल्यावर बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचतात का, आणि दोन बोटांनी ओढून चाक थांबते का, हे पाहावे. दांडी जवळ आणण्यासाठी बहुतेक सायकलींना एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून देण्यास दुकानदाराला सांगावे. गिअरचा मोह सहा-सात वर्षांपर्यंत टाळावा. पुढे घ्यायचेच तर फक्त मागच्या चाकाला असलेले पुरेत. पुढचे-मागचे मिळून एकवीस गिअर ही मुलाची नव्हे, शेजाऱ्यांची करमणूक असते.

शेवटी वजन. जाहिरातीतला आकडा नेहमी मिळत नाही. अशा वेळी घरातला वजनकाटा पिशवीत घालून न्यावा, सायकल उचलून त्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. सायकल मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून जड असेल तर ती घेऊ नये, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास मिळाली तर सोडू नये, एवढा साधा नियम मी माझ्यापुरता केला आहे. साइड स्टँड, लोखंडी टोपली, जाड मडगार्ड काढले तरी किलोभर वजन उतरते. बाजूची छोटी आधाराची चाके तर आणूच नयेत. त्यांच्यामुळे मूल कलणे शिकत नाही, आणि कलणे म्हणजेच सायकल. त्याऐवजी दोन्ही पायडल काढून, सीट खाली घेऊन मुलाला पायाने ढकलत जाऊ द्यावे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी चालवलेल्या पहिल्या दुचाकीलाही पायडल नव्हतेच. पायडल काढताना एक लक्षात ठेवावे, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. हेल्मेट मात्र सायकलीबरोबरच, भुवयांच्या वर दोन बोटे बसेल असे घ्यावे.

नातीसाठी आम्ही वापरलेली, ॲल्युमिनियमची, बिनस्प्रिंगेची, बिनगिअरची सायकल शोधली. तीही वीस इंचीच, पण नळी खाली वाकलेली आणि वजन नऊ किलो. पहिला आठवडा तिने पायडलशिवाय घालवला. तिसऱ्या आठवड्यात ती आमच्या गल्लीचा चढ न उतरता चढली आणि घरातले निकालपत्र कोणीही न बोलता मागे घेतले गेले. मामाची सायकल मामाच्याच नऊ वर्षांच्या मुलाकडे गेली. तो अठ्ठावीस किलोचा आहे आणि तिच्यावर मजेत फिरतो. सायकल वाईट नव्हती. माणूस वेगळा होता.

राहिला खर्चाचा प्रश्न. दर दोन-तीन वर्षांनी नवी सायकल कोणाला परवडणार? सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तरी हलकी सायकल महागच पडते. पण याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. आपण वाढत्या अंगाचे कपडे घेत होतो, तसेच पाठ्यपुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे, तिथून मावशीकडे, तिथून शेजारी देत होतो. ॲल्युमिनियमची सायकल गंजत नाही. टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेकची रबरे बदलली की ती पुढच्या मुलासाठी तयार होते. आज एकेका सोसायटीच्या वाहनतळावर धूळ खात पडलेल्या छोट्या सायकली मोजल्या, तर दहा-बारा सहज निघतील. सूचनाफलकावर एक कागद लावावा : कोणाकडे कोणत्या मापाची आहे आणि कोणाला कोणती हवी आहे. पुढच्या रविवारी जमेल असे हे काम आहे. ताणकाटा रद्दीवाल्याकडून मिळेल.