हात प्लॅस्टरमध्ये आहे? मग हे वाचाच!

मोरीत पाय घसरतो, तोल सावरायला आपण हात टेकतो आणि नेमकं मनगट मोडतं. पाळी थांबल्यावर हाडं विरळ होऊ लागतात, त्यामुळे पन्नाशीच्या बायकांत हा अपघात फार आढळतो. डॉक्टर साधारण पाच-सहा आठवडे प्लॅस्टर घालतात. घरचे बजावतात, "हात जरासुद्धा हलवू नकोस!" आणि आपणही हात गळ्यात बांधून बसतो.

विश्रांती हवी असते ती मोडलेल्या हाडाला. बाकीचा हात स्वस्थ ठेवला, तर पहिल्या आठवड्यापासूनच स्नायू रोडावू लागतात. मग प्लॅस्टर निघतं, हाड जुळलेलं असतं. पण कणीक मळवत नाही, कपडे पिळवत नाहीत, अंबाडा घालायला खांदा वर जात नाही.

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, "कोणते सांधे हलवू?" त्यांनी होकार दिला, की हे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करावेत.

बोटं : पूर्ण उघडा, मग मूठ मिटा. १० वेळा. सूज असेल तर हात उशीवर उंच ठेवा.

कोपर व खांदा : झोळीतून हात काढून खांदा सावकाश वर न्या, खाली आणा. कोपर प्लॅस्टरबाहेर असेल तर तेही वाकवा, सरळ करा.

चांगला हात : याला मुद्दाम कामाला लावा. रबरी चेंडू दाबा. एका हाताच्या व्यायामाने दुसऱ्याचीही ताकद वाढते, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसलं होतं. ताकद स्नायूंइतकीच मेंदूच्या हुकमातही असते ना! कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांनी चांगल्या हाताच्या मुठीचा व्यायाम केला. १२ आठवड्यांनी त्यांचा दुखरा हात इतरांपेक्षा बळकट निघाला.

पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर मांडी आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. श्वास रोखू नका. यात सांधा हलत नाही, पण स्नायू जागा राहतो.

जोडीला आहार हवाच. वजन ५५ किलो असेल तर रोज निदान ५५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही जवळजवळ तेवढीच. दूध, दही, उसळी रोज घ्या. सर्वांना वाढून उरलेलं खायची सवय निदान आता तरी सोडा! (मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारून.)

बोटं निळी, गार वा बधिर पडली, किंवा कळा वाढत चालल्या, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. खाज सुटली म्हणून प्लॅस्टरमध्ये विणायची सुई घालू नका.

प्लॅस्टर निघाल्यावर जोरजोरात मालिश नको, लगेच भरलेली बादलीही नको. कोमट पाण्यात मनगट हळूहळू हलवा. घरकामाला चार हात आणखी आहेत. व्यायाम मात्र तुमचा तुम्हालाच करायला हवा.