टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही, मग तिथं राहणं खरंच स्वस्त पडतं का?

पुण्यात राहा नाहीतर बंगळुरूला जा, पगार तेवढाच असेल तर इन्कम टॅक्सही तेवढाच लागतो. कारण तो केंद्र सरकार घेतं. अमेरिकेत मात्र केंद्राचा टॅक्स भरून झाला की बहुतेक राज्यं आपला वेगळा इन्कम टॅक्स लावतात. त्यामुळे नोकरी डॅलसची घ्यायची की न्यू जर्सीची, हा प्रश्न तिथल्या मराठी घरांतही येतो. आणि "टेक्सासला या, टॅक्स शून्य" हा सल्लाही ठरलेला असतो.

पण हा सल्ला अर्धाच खरा आहे.

मग टेक्सास पैसे कुठून आणतं?

टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी या राज्यांत पगारावर राज्याचा टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात तो अतिश्रीमंतांसाठी १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. नोकरदारांना त्यापेक्षा बराच कमी दर लागतो.

पण शाळा, रस्ते, पोलीस यांना पैसा लागतोच. टेक्सासमध्ये त्याचा मोठा भाग घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. काउंटी, शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांचे दर वेगवेगळे असतात. सर्वात मोठा वाटा सहसा शाळांचा.

समजा, घर ५ लाख डॉलरचं आहे आणि सगळे दर मिळून १.८ टक्के होतात. वर्षाचे झाले ९,००० डॉलर, महिन्याचे ७५०. स्वतः त्या घरात राहणाऱ्याला काही सवलत मिळते, तरी बिल हजारांतच येतं.

बाकी राज्यांत काय?

कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' नुसार घरपट्टीचा मूळ दर १ टक्का आहे. तो खरेदीच्या किमतीवर लागतो आणि घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. दर कमी, पण घरंच महाग.

न्यू जर्सीत दोन्ही टॅक्स आहेत. तिथलं घरपट्टीचं सरासरी बिल २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेलं.

खरा फरक कधी कळतो?

नोकरी गेल्यावर. पगार थांबला की त्यावरचा इन्कम टॅक्सही थांबतो. घरपट्टी थांबत नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर नवी नोकरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि घराचं बिल त्या काळातही चालूच असतं. ते थकलं तर घरावर जप्ती येऊ शकते. निवृत्तीनंतरही हेच गणित लागू होतं.

आणखी एक गोष्ट. अनेकदा बँक घरपट्टी कर्जाच्या हप्त्यासोबतच कापते. म्हणून व्याजदर फिक्स असला तरी घरपट्टी वाढली की हप्ता वाढतो. भाड्यानं राहणाऱ्यांना बिल येत नाही, पण घरमालक ते भाड्यात धरतोच.

ठरवण्याआधी काय बघायचं?

राज्याची सरासरी बघू नका, त्याच घराचं मागचं बिल काढा. काउंटीच्या वेबसाइटवर ते बहुधा सापडतं. कॅलिफोर्नियात मात्र जुन्या मालकाचं बिल बघून खूश होऊ नका, तुम्हाला ते नव्या किमतीवर लागेल.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: सहा महिने पगार आला नाही, तर हे बिल भरता येईल का?