मुलीने संगणकाची कोणती भाषा आधी शिकावी?

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत मुलींच्या संगणक क्लाससाठी कर्जाचे अर्ज येतात. काही क्लासवाले पाच-सहा भाषांची नावं एका दमात सांगतात आणि फीही तशीच मोठी मागतात. कर्जावर सही करण्याआधी या भाषा म्हणजे काय, ते आज आपण समजून घेऊ.

संगणकाला काम सांगण्याची ठरलेली रीत म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा. आपल्या गटाचाच नियम घ्या : हप्ता १० तारखेनंतर आला तर दंड लाव, नाहीतर लावू नको. हे 'तर' आणि 'नाहीतर' जवळपास प्रत्येक भाषेत असतं, लिहायची पद्धत तेवढी बदलते. म्हणून एक भाषा पक्की झाली की दुसरी लवकर येते. चुलीवर स्वयंपाक करणारीला गॅस शिकायला कितीसा वेळ लागतो?

मग पहिली कोणती? काम बघून ठरवायचं. वेबसाइट बनवायची असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि त्यांच्याबरोबर जावास्क्रिप्ट. आकडेवारी आणि एआयच्या कामात पायथन खूप वापरतात. १९९१ साली आलेली ही भाषा लिहायला सुटसुटीत, म्हणून नवशिक्या मुलीला बरी. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या कामात जावा असते. यातली कोणतीही निवडली तरी जोडीला एसक्यूएल शिकावी. साठवलेल्या माहितीतून हवं तेवढंच काढायला ती लागते.

पायथन आणि जावास्क्रिप्ट वापरायला पैसे पडत नाहीत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मोफत धडे आहेत, काही मराठीतही आहेत. फी असते ती शिकवणाऱ्याची. तेव्हा आधी महिना-दोन महिने मोफत धडे करून बघू द्या. गोडी लागली, तर क्लासचा विचार करा.

क्लासमध्ये जाल तेव्हा विचारा : एका भाषेला किती महिने देता? मुलगी रोज किती वेळ स्वतः संगणकावर बसेल? शेवटी स्वतःच्या हाताने काय बनवेल? फी हप्त्याने चालेल का? 'नोकरीची हमी' म्हणाले, तर ती कागदावर मागा.

आणि घरात एकच संगणक असेल, तर त्यावर मुलीची वेळ ठरवून द्या. भाऊ उठेल तेव्हा बसायचं म्हटलं, तर कोणतीच भाषा येणार नाही. ही भाषा ऐकून येत नाही, रोज लिहूनच येते.