चढाईपटू आधी की कोपरारक्षक? : कबड्डी संघबांधणीतील प्राधान्यक्रम आणि महाड-पोलादपूर परिसर

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत कबड्डी हा केवळ क्रीडाप्रकार नसून गावाच्या सामूहिक जीवनाचा एक भाग आहे. भातकापणी आटोपली की गावोगावच्या मैदानांवर फक्की मारून क्रीडांगणे आखली जातात आणि प्रकाशझोतातील सामने रात्री उशिरापर्यंत रंगतात. या सामन्यांच्या निमित्ताने एक जुनाच प्रश्न दरवर्षी नव्याने चर्चिला जातो : संघ बांधताना प्रथम कोणाला घ्यावे, चढाईपटूला की पकड करणाऱ्याला? २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या प्रश्नाला रुपयांचे परिमाण प्राप्त झाले. प्रस्तुत लेखात या लीगच्या लिलावांचा अनुभव तपासून त्यातून ग्रामीण व महाविद्यालयीन संघनिवडीसाठी काय हाती लागते, याचे विवेचन केले आहे.

लिलावाची रचना

खेळाडूंच्या वाटपाच्या जगभर दोन प्रमुख पद्धती दिसतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये १९३६ पासून नवोदित खेळाडूंची क्रमवार निवड केली जाते व आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघास पहिली संधी मिळते. तेथे प्रश्न ‘आपल्या पाळीला कोणत्या जागेचा खेळाडू घ्यावा’ असा असतो. कबड्डीत पाळी नाही, थैली आहे. दहाव्या हंगामापासून (२०२३) प्रत्येक संघास लिलावासाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा आहे आणि तेवढ्या रकमेत किमान १८ खेळाडूंचा संघ उभा करावयाचा असतो. त्यामुळे एका खेळाडूवर केलेला खर्च म्हणजे दुसऱ्या जागेवर केलेली काटकसर होय.

पहिल्या लिलावात पाटणा पायरेट्सने राकेश कुमार याच्यासाठी मोजलेले १२ लाख ८० हजार रुपये ही सर्वोच्च बोली होती. २०१८ मध्ये सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. त्यांत मोनू गोयत (१ कोटी ५१ लाख), राहुल चौधरी, नितीन तोमर, दीपक हुडा व महाराष्ट्राचा रिशांक देवाडिगा हे पाच जण चढाईसाठी ओळखले जाणारे होते. निव्वळ पकडीसाठी कोटीचा मान मिळालेला एकच, तो म्हणजे इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली. पाचास एक हे प्रमाण त्या काळच्या संघमालकांची मनोधारणा पुरेशी स्पष्ट करते.

चढाईपटूची बाजू

ही मनोधारणा निराधार होती असे मात्र म्हणता येणार नाही. पकड यशस्वी झाली तर सामान्यतः एकच गुण मिळतो. पकड करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू मैदानात असताना ते सावज सापडल्यास अव्वल पकडीचे दोन. चढाईपटूला मात्र एकाच तीस सेकंदांच्या चढाईत दोन, तीन, प्रसंगी अधिक गडी बाद करता येतात आणि समोर सहा वा सात खेळाडू असतील तर बोनसची रेषाही खुली असते. प्रदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले आणि पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद पटकावले. त्या अंतिम सामन्यात गुजरातविरुद्धची गुणसंख्या ५५-३८ अशी होती. इतके गुण देणारा खेळाडू महाग असणारच. प्रेक्षक तिकीट काढतो तेही बहुधा त्याच्यासाठीच, हेही नाकारता येत नाही.

तथापि याच पाटण्याच्या २०१६ च्या विजेत्या संघात अत्राचली कोपऱ्यात उभा होता, ही बाब सहसा विसरली जाते.

परस्परावलंबनाचा नियम

या वादात ज्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तो कबड्डीच्या मूळ रचनेत आहे. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो आणि आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावरच परततो. म्हणजे अडीच कोटींचा चढाईपटू एकदा पकडला गेला की त्याची किंमत त्या क्षणी शून्य होते. ती पुन्हा जिवंत करण्याचे काम इतरांकडे येते. हे काम दुय्यम चढाईपटू करू शकतो, परंतु प्रतिपक्ष निर्धास्तपणे रिकाम्या चढाया करीत वेळ काढत असेल तर ते मुख्यतः बचावफळीलाच करावे लागते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे सक्तीचे असल्याने हा वेळकाढूपणाही मर्यादित होतो, व त्या सक्तीच्या चढाईचा लाभ उठविणे ही पुन्हा कोपऱ्यांचीच जबाबदारी ठरते. चढाईपटूचे मोल बचावफळीच्या हातून वसूल होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लीगच्या इतिहासातील काही उदाहरणे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. २०२१ च्या लिलावापूर्वी पाटण्याने प्रदीप नरवालला मुक्त केले. यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतले. त्याच हंगामात पाटण्याचा संघ मोहम्मदरझा शादलूई या तरुण इराणी कोपरारक्षकाच्या बळावर अंतिम फेरीत पोहोचला आणि दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने हरला. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख ५० हजार रुपये खर्च केले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. संघ कोसळेल असा सर्वांचा कयास होता. प्रत्यक्षात नरेंदर या नवोदित चढाईपटूने भार उचलला, कोपऱ्यांनी साथ दिली आणि थलायवाजने उपांत्य फेरी गाठली.

सर्वांत बोलका दाखला २०२३ चा आहे. तेलुगू टायटन्सने याच पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले, तर पुणेरी पलटणने शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख. दोन्ही रकमा थैलीच्या निम्म्याच्या आसपास. टायटन्सला २२ पैकी दोनच सामने जिंकता आले. पलटण विजेती ठरली. शादलूई पुढच्या वर्षी २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि तो संघही प्रथमच विजेता झाला.

यावरून ‘कोपरारक्षक घ्या, करंडक मिळवा’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. पण ते उतावीळपणाचे ठरेल. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच शादलूईला २ कोटी २३ लाखांना घेतले आणि तो संघ अंतिम सामन्याच्या जवळपासही फिरकला नाही. पुण्याचे यश पाहताना, शादलूई येण्यापूर्वीच अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, संकेत सावंत ही तरुण मंडळी त्या संघात एकत्र घडत होती, हे लक्षात घ्यावे लागते. त्यांच्यापैकी बहुतेकांवर मोठी बोली लावावी लागली नव्हती. महागडा खेळाडू त्या घडलेल्या चौकटीत येऊन बसला. टायटन्सने चौकटीआधीच तिचा खांब विकत घेतला. आणि २०२४ मध्ये अस्लम दुखापतीने बाहेर पडला तेव्हा पुण्यालाही बाद फेरी गाठता आली नाही. चौकटीतील चढाईपटूही बिनमोलाचा नसतो.

अंतिम सामन्यांची गुणसंख्या आणखी एक संकेत देते. २०१७ च्या ५५-३८ नंतर दहाव्या हंगामाचा निकाल २८-२५, अकराव्याचा ३२-२३ आणि २०२५ मधील बाराव्याचा, ज्यात दिल्लीने पुण्याला नमविले, ३१-२८ असा लागला. एकेका सामन्यावरून नियम सिद्ध होत नाही. तरीही निर्णायक लढतीत चढाईपटू जोखीम टाळतात, चढाया रिकाम्या जातात आणि निकाल तिसऱ्या चढाईतील पकडींवर येऊन ठेपतो, हे या आकड्यांशी सुसंगत आहे.

महाड-पोलादपूरच्या संदर्भात

या परिसरातील संघांपुढे थैली नाही, परंतु टंचाई आहेच; ती उपस्थितीची. गावच्या संघातील अनेक खेळाडू मुंबई-ठाण्यात नोकरीला असतात, काही महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. शिमग्याला वा जत्रेला ते गावी येतात आणि थेट मैदानात उतरतात. अशा स्थितीत चढाईपटू आयत्या वेळीही संघात सामावता येतो, कारण चढाई हे बव्हंशी एकट्याचे कौशल्य आहे. बचावाचे तसे नाही. डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातल्यावर शेजारच्या मध्यरक्षकाने कोणत्या क्षणी झेपावायचे, साखळी कधी तोडायची, हे महिनोन्‌महिने एकत्र खेळूनच अंगवळणी पडते. मध्यरक्षक अर्धा क्षण उशिरा आला तर एका गुणाऐवजी दोन गडी जातात.

म्हणूनच येथील निवडीचा क्रम लिलावाच्या भाववाढीनुसार लावणे गैर ठरते. जिल्हा संघ असो वा महाविद्यालयाचा, बारा खेळाडूंच्या यादीत प्रथम एकमेकांच्या सवयीचे कोपरारक्षक-मध्यरक्षक, शक्यतो एकाच मंडळातील जोडी म्हणून घ्यावेत. त्यानंतर दोन भिन्न शैलींचे चढाईपटू. एकट्या हुकमी चढाईपटूभोवती संघ रचणे हा ग्रामीण स्पर्धांतील सर्वाधिक प्रचलित आणि बहुधा सर्वाधिक महाग पडणारा प्रघात आहे. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय व पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय यांसारख्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न संस्थांना येथे एक नैसर्गिक लाभ आहे : त्यांचे खेळाडू काही वर्षे सलग एकत्र असतात. गावच्या मंडळांना ही चैन परवडत नाही.

हा प्रश्न निव्वळ डावपेचांचा नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याचा मार्ग वरिष्ठ पातळीवरील स्पर्धांच्या प्रमाणपत्रांतून जातो. निवड समितीच्या डोळ्यांत चढाईपटू चटकन भरतो. मध्यरक्षक भरत नाही. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील मुलगा धिप्पाड, संयमी आणि मध्यरक्षणास योग्य असूनही चढाईच शिकू पाहतो, त्यामागे हे व्यावहारिक कारण आहे, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दोष काही अंशी गुणपत्रकाचा आहे. साखळी पकडीत पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर गुण पडतो. त्याला साथ देऊन चढाईपटूचा मध्यरेषेकडचा मार्ग अडविणाऱ्याची नोंद गावच्या सामन्यांत कोठेच होत नाही. गुणलेखकाशेजारी एक विद्यार्थी बसवून प्रत्येक पकडीतील दुसऱ्या व तिसऱ्या खेळाडूचा क्रमांक टिपून घेणे शारीरिक शिक्षण विभागांना सहज शक्य आहे. एका स्पर्धेत अशा नोंदी ठेवल्यास निवड समितीच्या बैठकीत मध्यरक्षकाच्या नावापुढेही काही आकडे मांडता येतील.