वर्षअखेरच्या पेपरऐवजी शोधनिबंध, आणि तपासणार मुलेच

तामसीतल्या आपल्या मुलांना प्रोजेक्ट नवा नाही. तेलंगणातल्या शाळांत सततच्या मूल्यमापनात प्रकल्पाला गुण असतात. पण झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली चित्रे, गाइडातला मजकूर आणि आईने रात्री जागून रंगवलेला चार्ट असे त्याचे रूप बऱ्याच घरांनी पाहिले आहे. एकदा जमा झाला की तो पुन्हा कुणी वाचत नाही. नंतर पाठांतर, पेपर आणि सुट्टी.

म्हणून मंडळाच्या मराठी वर्गासाठी आम्ही पालकांपुढे एक प्रस्ताव ठेवत आहोत. आठवी-नववीच्या मुलांची वर्षअखेरची लेखी परीक्षा घेऊ नये. प्रत्येकाने चार-पाच पानांचा एक शोधनिबंध लिहावा आणि वर्गातल्याच दोघांनी तो तपासावा. शाळेच्या परीक्षा आणि दहावीचे बोर्ड जसेच्या तसे राहतील, त्यांच्याशी याचा संबंध नाही.

‘मुलेच मुलांना मार्क देणार का?’ हा पहिला प्रश्न येतो. नाही. तपासणारा गुण देत नाही, लेखी प्रश्न विचारतो. समजा, एका मुलीने कापूस वेचणीच्या मजुरीवर लिहिले आणि त्यात ‘सगळे शेतकरी म्हणतात’ असे वाक्य आले. तपासणाऱ्याने विचारायचे : किती जणांना विचारले? कोरडवाहू किती, मत्तडीवागूच्या पाण्यावरचे किती? मजुरांना विचारले की फक्त मालकांना? मग त्या मुलीने पंधरा दिवसांत निबंध दुरुस्त करायचा. कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का, हे एका पानावर लिहायचे. शिक्षक गुण देतील ते दुरुस्त निबंधाला आणि तपासणाऱ्याच्या शेऱ्यालाही. ‘छान लिहिले आहे’ एवढाच शेरा लिहिणाऱ्याचे गुण जातील.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९०च्या दशकात अशी एक पद्धत बसवली गेली. तिथे विद्यार्थ्याने आधी तीन नमुना निबंध तपासायचे. ते शिक्षकांनी अगोदरच तपासून ठेवलेले असतात. त्याची तपासणी शिक्षकांच्या तपासणीशी बऱ्यापैकी जुळली तरच त्याच्या हाती सोबत्यांचे निबंध येतात, आणि शेवटी स्वतःचा. आपल्याकडे संगणक नसला तरी ही पायरी घेता येते, आणि ती गाळू नये असे आमचे मत आहे. तपासणे हेही शिकावे लागते.

मराठीला ही रीत परकी नाही. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. तिथे लेख सभेत वाचायचा, इतरांनी पुरावा विचारायचा, अशी शिस्त होती. तीन तासांच्या पेपरलाच आपण जुनी परंपरा समजतो, पण १८५७मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर आधी परीक्षा घेणारी संस्था म्हणूनच उभे राहिले. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे होते.

आता खरी अडचण. गाव लहान आहे. कुणाचे घर कुठले, कुणाचे कुणाशी पटत नाही, हे मुलांना ठाऊक असते. जात तर असतेच. तपासणाऱ्याच्या हातात न्याय असेलच असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि ते नाकारले गेले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहिले. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले.

मोठ्या नियतकालिकांत यावर उपाय म्हणून नावे झाकतात. आपल्या दहा-पंधरा मुलांत ते जमणार नाही, अक्षरावरून आणि विषयावरूनच लेखक ओळखू येतो. म्हणून आम्ही उलटे सुचवतो : शेरा सहीनिशी द्यावा, प्रत्येक हरकतीला कारण लिहावे, आणि लेखकाला उत्तर देण्याचा हक्क असावा. दोन तपासनिसांपैकी एक शिक्षक ठरवतील, एक चिठ्ठी टाकून निघेल.

दुसरी भीती भाषेची. तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे मराठी ऱ्हस्व-दीर्घ चुकते आणि हसे होते. त्यामुळे शुद्धलेखन मुलांनी तपासायचेच नाही, ते शिक्षक पाहतील. ओढ्याला कुणी ‘वागू’ लिहिले तर ती चूक धरू नये. घरात येणाऱ्या तेलुगू शब्दांवर तर एक चांगला निबंध होईल.

विषय अंगणातलेच घ्यावेत. १९५६मध्ये राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा किनवट आणि राजुरा नांदेडकडे गेले आणि आपण आंध्र प्रदेशात. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आजोबा आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेणे हे कुठल्याही गाइडात सापडणार नाही. आठवण आणि कागद जुळत नसतील तर तेही लिहावे, तिथेच तपासणाऱ्याचे काम सुरू होते.

पेपरचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो : तिथे मूल एकटे बसते. निबंध घरी कुणी लिहून दिला तर? यासाठी प्रत्येकाला शेवटी दहा मिनिटे तोंडी विचारले जाईल. ज्याने माणसांना भेटून लिहिले आहे, तो अडत नाही. घरच्यांनी मुलाला विचारपूस करायला सोबत न्यावे, पण पेन हातात घेऊ नये.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात सोबत्यांनी केलेल्या मूल्यमापनाला जागा दिली आहे. म्हणजे आज ना उद्या शाळेतही हे येईल, आणि घाईत आले तर चार्टपेपरसारखेच होईल.

जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी निर्णय घ्यायचा आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती कारणासह लिहून, सही करून मंडळाकडे द्यावी. आम्हीही उत्तर लेखी देऊ.