गावची सामाईक साधने आणि आपण

आपल्या मंडळातील बहुतेक सभासदांचे पत्ते दोन असतात. एक शीळफाट्याचा, चाळीतल्या किंवा इमारतीतल्या खोलीचा. आणि दुसरा गावाकडच्या बौद्धवाडीचा. कोणी महाड-पोलादपूरकडचे, कोणी रत्नागिरीचे, कोणी जवळच्याच मुरबाड-शहापूरचे, तर कोणी मराठवाड्यातून पोटासाठी आलेले. लग्नकार्याला, जयंतीला आपण गावी जातो, विहारासाठी वर्गणी देतो आणि दोन दिवसांनी परत फाट्यावर उतरतो. पण त्या दोन दिवसांत वाडीच्या विहिरीत कोणी डोकावत नाही, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहत नाही आणि पडीक राहिलेल्या खाचराच्या बांधावर उभे राहत नाही. आमचाही अपराध यापेक्षा वेगळा नाही. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत शेती, परसबाग आणि निरोगी घर यांसाठी गावात कोणती साधने आहेत, आणि ती आपल्या हाती असूनही वापराविना का राहतात, याचा थोडा विचार मांडत आहोत.

हक्क आयते मिळालेले नाहीत

गावचे पाणी, गायरान, चराई, लाकूडफाटा ही सर्व गावाची सामाईक साधने. परंतु ‘सामाईक’ या शब्दात आपल्या पूर्वजांचा समावेश नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही त्या तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि वापरातला हक्क यांत किती अंतर असते, याचा हा पहिला धडा आहे.

जमिनीचेही तसेच. महार वतन ही इनामी नसून गुलामी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. कोकणातील कुळांना पिळणारी खोती मोडण्यासाठी 17 सप्टेंबर 1937 रोजी विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. पुढे खोती 1949 च्या कायद्याने आणि कनिष्ठ गावकामगार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून सत्याग्रह केला. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. भूमिहीन मागासवर्गीयांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत कसायला घेतलेली गायरान जमीन नियमित करण्याचा 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय ही त्याच झाडाची फळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हाही शासन निर्णयाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद केला. ज्यांच्याकडे त्या वेळची दंडाची पावती, पीकपाहणीचा उतारा किंवा पंचनामा आहे त्यांनी तो जपून ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

एकट्या जमिनीने भागत नाही

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. आपल्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. तुकडा लहान आहे म्हणून शेती तोट्यात आहे, असे त्या काळी सर्वजण म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि मनुष्यबळ यांची योग्य जोड आहे की नाही, यावर ठरते. जमिनीवर अवलंबून असलेली जादा माणसे उद्योगाकडे वळावीत, हा त्यांचा उपाय होता.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे आपण उद्योगाकडे, शहराकडे वळलो. पण गावी राहिलेल्या भावाच्या हाती पाणी, खत, अवजार यांची जोड देण्याचे काम मात्र अर्धेच राहिले. वीस गुंठे खाचर आहे, पण नांगर भाड्याचा, विहीर आटलेली आणि सातबाऱ्यावर नाव पणजोबांचे. अशी जमीन असून नसल्यासारखीच.

आधी कागद, मग कुदळ

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे बसल्याने एक दृश्य आमच्या डोळ्यांत रुतून बसले आहे. गावाकडून आलेला माणूस पीक कर्जाचा अर्ज घेऊन उभा असतो. जमीन तो स्वतः कसतो, त्याच्या हातांना घट्टे आहेत. पण उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचे नाव. पुढचे वीस-बावीस वारस मुंबई, ठाणे, सुरत असे विखुरलेले. सगळ्यांच्या सह्या येईपर्यंत पेरणी उलटते. आमच्या नात्यातील एका कुटुंबाचा विहिरीचा अर्ज याच कारणाने एका कार्यालयातून परत आला. त्यात कार्यालयाने दिरंगाई केली हे खरे, पण तीस वर्षे वारस नोंद न करण्याचा दोष आमच्याच घरचा होता.

खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी असे जमीन महसूल कायदा सांगतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर फेरफार होतो. विधवा आई आणि लग्न झालेल्या बहिणी यांची नावे वगळू नयेत. तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आणि हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे वेगळे सांगावे लागू नये.

मात्र नावे लागली की लगेच तुकडे पाडण्याची घाई करू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी 2017 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यात नवीन विहिरीसाठी सुरुवातीला अडीच लाख रुपये अनुदान होते, ते 2024 मध्ये चार लाख करण्यात आले. पण विहिरीसाठी किमान 0.40 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. चार भावांनी एका एकराचे चार तुकडे केले तर चौघेही अपात्र. रोजगार हमीच्या सिंचन विहिरींबाबत 2022 च्या शासन निर्णयाने सलग क्षेत्र असलेल्या खातेदारांना संयुक्त विहिरीची मुभा दिली होती. तेव्हा नाव सर्वांचे, कसणारा एक आणि उत्पन्नाचा वाटा लेखी ठरलेला, हीच वाट आम्हाला शहाणपणाची वाटते. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004 पासून आहे. तिच्यात चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, आणि 2018 पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे.

शेताला लागणारे पुष्कळसे गावातच असते

ठाणे-कोकणात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. याचा अर्थ पाणी कमी नाही, ते थांबत नाही. दिवाळीनंतर ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा वाडीतली वीस माणसे एका दिवसात बांधतात. खर्च जवळजवळ नाहीच. त्या ओलीवर वाल, हरभरा, भाजीपाला निघतो.

खताच्या बाबतीतही तेच. ‘आमच्याकडे गुरे नाहीत, खत कुठले?’ असे वाडीत नेहमी ऐकू येते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी याचे उत्तर शोधले. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला ‘नाडेप’ म्हणतात. साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे, भिंतींत हवेसाठी भोके ठेवायची. त्यात सुमारे 1,400 किलो पालापाचोळा व काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त चाळलेली माती आणि पाणी यांचे थर द्यायचे. शेण लागते ते फक्त 90 ते 100 किलो. वरून शेणमातीने लिंपून टाकले की तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते. म्हणजे एक म्हैसही नसलेले घर शेजाऱ्याकडून आठवडाभराचे शेण घेऊन हे करू शकते.

भातासाठी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत कोकणात पुष्कळांना ठाऊक आहे. पेंढा किंवा तुसाची राख जमिनीत मिसळणे, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला 30 किलो याप्रमाणे खाचरात घालणे, दोरीने ठराविक अंतरावर लावणी करणे आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. यातली पहिली तीन तर फुकटची आहेत. मजूर मिळत नाहीत अशा ठिकाणी नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रसारात आणलेले सगुणा भात तंत्र पाहण्यासारखे आहे. त्यात गादीवाफ्यावर थेट टोकणी असल्याने चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. शंका असल्यास दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे कर्जतचे भात संशोधन केंद्र आहे. कर्जत तर फाट्यापासून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतके जवळ आहे.

मोरीचे पाणी, परसबाग आणि चूल

घराच्या आरोग्याची सुरुवात मोरीपासून होते. वाडीच्या उतारावर साचलेले सांडपाणी म्हणजे डासांचे घर. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांचा बंदोबस्त केला आणि ते गाव राज्यभर उदाहरण झाले. काम सोपे आहे. तीन-चार फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान दगड व खडी, आणि तोंडाशी गाळ अडवणारे मडके. त्याच पाण्यावर खड्ड्याच्या कडेला केळ, अळू, पपई चांगली येतात. शेवगा, कढीपत्ता, लिंबू प्रत्येकी एक झाड आणि दुधी-घोसाळ्याचा एक मांडव एवढ्यावर पाच माणसांच्या घराची बरीच भाजी निघते. लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या ताटात हिरवी भाजी यावी यासाठी याहून स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

विहिरीच्या शुद्धीकरणाचे गणित विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावे. गोल विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 2 मीटर असेल, तर 3.14 × 3 × 3 × 2 ÷ 4 = सुमारे 14 घनमीटर, म्हणजे 14,000 लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, म्हणजे एकूण 35 ग्रॅम. बादलीत कालवून वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभराने पाणी भरावे. आठवी-नववीचे आपले मूल हे करू शकते.

संडासाबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की त्यातील मैला कोरडा, वास नसलेला खत होतो आणि घरचाच माणूस फावड्याने काढू शकतो. खड्डा विहिरीपासून किमान 50 फूट दूर असावा. सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी आजही माणसे गुदमरून मरतात, आणि ती कोणाच्या घरची असतात हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या घरात दोन खड्ड्यांचा संडास आहे त्या घरासाठी कोणालाही खाली उतरावे लागत नाही. हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, समतेचाही प्रश्न आहे.

फाट्यावरचा अनुभव

हे सर्व गावाचे झाले, आपले काय, असे कोणी विचारील. शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसई ही सुद्धा एके काळी भाताची गावेच होती. बघता बघता खाचरांत गोदामे आणि चाळी उभ्या राहिल्या. 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी शीळफाट्यावरची विनापरवाना इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. त्यांत मजूर होते, लहान मुले होती. स्वस्त खोलीच्या शोधात आलेली, आपल्यासारखीच माणसे ती. घर घेताना बांधकाम परवानगी पाहणे हे जसे जीवनमरणाचे आहे, तसेच गावची घरजागा आणि शेत न विकणे हेही आहे. शहरातले छप्पर गेले, नोकरी गेली, तर परतायला ती एकच जागा असते. टाळेबंदीच्या 2020 सालाने हे आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

मंडळाने काय करावे?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा संकटकाळासाठी राखून. हाच हिशेब मंडळाच्या निधीलाही लावावा, असे आम्हाला वाटते. आमच्या सूचना तीनच आहेत.

पहिली, उन्हाळी सुट्टीत प्रत्येक सभासदाने आपला सातबारा व आठ-अ काढून मंडळाच्या बैठकीत आणावा. वारस नोंदीचे अर्ज भरून देण्याची जबाबदारी आमच्यासारखे कारकुनी करणारे पाच-सहा सभासद घेतील. दुसरी, गावी जाणे ग्रामसभेच्या तारखा पाहून ठरवावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारणारा एक माणूस लागतो, तो बहुधा नसतो. तिसरी, वाडीतील महिलांच्या बचत गटाला मंडळाने एक नाडेप टाके आणि भाजी बियाण्यांची एक पेटी द्यावी. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, तेव्हापासून आम्ही पाहत आलो आहोत की अशा गटांतील भगिनी हप्ता सहसा चुकवत नाहीत.

संयुत्त निकायातील एका सुत्तात भगवंतांना विचारले आहे की कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते. उत्तरात वन व बाग लावणारे, पूल बांधणारे, पाण्याची सोय व निवारा करणारे यांची नावे येतात. विहाराची भिंत रंगवण्याइतकेच वाडीची विहीर उपसणे हेही धम्मकार्य आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी दहा घरांनी जरी सातबाऱ्यावर आईचे नाव लावले आणि परसात एक शेवगा लावला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!